धरलेला मासा, सोडलेला मासा

मराठीत ‘धरसोड’ हा शब्द आपण दूषण म्हणूनच वापरतो. ज्याचे चित्त एका ठायी स्थिर नाही त्याची वृत्ती धरसोडीची. आज मला ज्या धरसोडीविषयी बोलावयाचे आहे ती मात्र अगदी शब्दशः आहे. गळाला लागलेला मासा धरावयाचा, क्षणभर पाहावयाचा आणि जिवंत असतानाच पुन्हा पाण्यात सोडावयाचा, असा नियम जगातील असंख्य हौशी मासेमारांनी स्वतःवर घालून घेतला आहे. त्यायोगे नद्यांतील वन्य मासे वाचतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा कोठपर्यंत खरी आहे आणि कोठे फसते, एवढाच आजचा विषय.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींपाशीच माझ्या मनात हा विषय सुरू झाला. म्हणून ती हकीकत आधी सांगतो. मी नववीत होतो. शहराबाहेरच्या एका तळ्यावर आम्ही तिघे मित्र कणकेच्या गोळ्या लावून गळ टाकीत बसत असू. एके दिवशी माझ्या गळाला दोन किलोंची रोहू लागली. वीस मिनिटे झुंज देऊन मी ती काठावर ओढली, तापलेल्या दगडावर ठेवली, मित्रांना हाका मारल्या, पंचात गुंडाळून उचलली, लांबी मोजली; आणि मग आठच दिवसांपूर्वी वर्गात ऐकलेले जीवदयेचे बोल आठवून मोठ्या उदारपणे तिला पाण्यात सोडून दिली. दुसऱ्या दिवशी ही कथा मी गुरुजींना अभिमानाने सांगितली. ते म्हणाले, “सोडलीस, बरे केलेस. पण ती जगली का?”

“पोहत गेली, सर.”

“पोहत गेली हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.”

त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर तळ्यावर आले. वाऱ्याने लोटलेल्या शेवाळात ती रोहू उताणी तरंगत होती. गुरुजी रागावले नाहीत. पंचाने जेथे बुळबुळीत थर पुसला गेला होता आणि चारसहा खवले निघाले होते ती जागा त्यांनी बोटाने दाखविली. कल्ले उघडून दाखविले. जीवशास्त्राचा तो पहिला खरा तास मला मिळाला.

त्या तासाला मी जे शिकलो, त्यात पुढच्या वाचनाने पडलेली भर घालून सांगतो. गळाला लागलेला मासा झुंजतो तेव्हा त्याचे पांढरे स्नायू प्राणवायूवाचून साठ्यातील साखर जाळतात. त्यातून रक्तात आम्लता वाढते आणि ती उतरण्यास काही तास लागतात. धावपटू शर्यतीनंतर धापा टाकतो तशा धापा या वेळी माशालाही टाकावयाच्या असतात. परंतु नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांतील नाजूक पाळी पाण्यात पसरलेल्या असतात. हवेत येताच त्या ओल्या कागदांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. १९९२ साली कॅनडामध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांवर याचा प्रयोग करून पाहिला. दमेपर्यंत पळविलेल्या पण पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के बारा तासांत मेले. दमल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. छायाचित्र काढण्यास एक मिनिट सहज लागते, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रयोगशाळेतील ट्राउट म्हणजे आपला रोहू किंवा महासीर नव्हे, हे खरे. कावेरीवर पुढे झालेल्या पाहणीत, काळजीपूर्वक हाताळलेल्या महासीरांत मृत्यू विरळा आढळले. ‘काळजीपूर्वक’ या शब्दातच सारे आले. उलटा दात नसलेला गळ वापरावा, म्हणजे तो अलगद सुटतो. दोरी पुरेशी बळकट असावी, म्हणजे झुंज लांबत नाही. हात आधी ओले करावेत, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे माशाचे जंतूंपासूनचे चिलखत असते. गळ काढणे शक्यतो पाण्यातच उरकावे, आणि सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून धरावा. तो आपल्या बळाने हातातून निसटेल तेव्हाच सुटला असे समजावे. दख्खनच्या उन्हाळ्यात यापेक्षाही एक साधा नियम आहे. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. वैशाखातील दुपारी आमच्या तळ्यावर गळ टाकूच नये. माझी रोहू वैशाखातलीच होती.

मासा हा राजाच्या करमणुकीचा विषय असणे आपल्या भूमीला नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना गात त्या ओव्यांच्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणही आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोरी यांचे सविस्तर वर्णन येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले. १९५६ पर्यंत ते आपल्या हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाने येथे आणला, ही समजूत सोडावी.

साहेबाने आणली ती नोंदवही, आणि थोडी काळजीही. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. महासीरासाठी गळ कसा टाकावा हे त्यात जितक्या आवडीने सांगितले आहे, तितक्याच कळकळीने बारीक विणीच्या जाळ्यांनी आणि विषाने होणाऱ्या संहाराविषयीही लिहिले आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. मासा सोडून देण्याचा विचार त्यानंतरचा. लढाऊ मासा एकदाच पकडला जावा इतका स्वस्त नाही, अशा आशयाचे प्रतिपादन अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात केले आणि तेथून ही प्रथा फैलावली. याला दुसरी बाजूही आहे. सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडणे म्हणजे निष्कारण छळ, असे मानून स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत त्याला मनाई केली. मला स्वतःला हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मासा उपयोगी पडतो म्हणून त्याला वेदना द्याव्या काय, याचे उत्तर शास्त्र देऊ शकत नाही. परंतु नद्यांचे काय झाले याचे उत्तर ते देऊ शकते, आणि त्यासाठी कावेरीकाठी जावे लागेल.

महासीर हा आपल्या नद्यांतील सर्वांत बलवान मासा. मोठाले खवले, जाड ओठ, आणि खळाळत्या पाण्याची ओढ. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ वाळूगोट्यांत अंडी घालतो. रोहू लाखांनी अंडी घालते, महासीर हजारांनी. म्हणून एकदा मोड झाली की तिची भरपाई लवकर होत नाही. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून अधिक वजनाचा महासीर गळाने धरला. तोच आजवर भारतातील उच्चांक मानला जातो. कावेरी आणि तिच्या उपनद्यांतील हा राक्षसी मासा पाठीवर कुबड असलेला आणि सोनेरी झाकेचा. पण नंतरच्या काळात कावेरीत सुरुंगाचे बार उडू लागले. १९७२ साली बंगलोरात स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या संस्थेने नदीचा एक पट्टा भाडेपट्ट्याने घेऊन तेथे राखण बसविली. पुढे भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे येथे गळकऱ्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. परदेशी हौशी लोक येत, पैसे मोजत, मासा धरत आणि सोडत. ज्या गावकऱ्यांनी काल सुरुंग लावले तेच आज वाटाडे आणि राखणदार झाले. जिवंत माशाला गावात किंमत आली. सोडलेल्या माशाने केलेले हे पहिले काम. ते खरोखर झाले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आता आपल्या घरची गोष्ट. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील निबंधात पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत सापडलेल्या महासीराचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले. याचे पर निळसर असतात. सह्याद्रीतील धरणांनी त्याच्या चढणीच्या वाटा अडविल्या आणि तो विरळ होत चालला, तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास टाटांच्या वळवण जलाशयावर त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम १९७० च्या दशकाच्या आरंभी हाती घेतले. पक्व माद्यांची अंडी हलक्या हाताने काढावयाची, त्यांवर नराचे रेत मिसळावयाचे, वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवावयाची, असे हे काम. लाखो बोटुकली तयार झाली. ती देशातील निरनिराळ्या पाण्यांत सोडण्यासाठी नेण्यात आली. त्यांतील काही कावेरीत पोहोचली. महासीर मरतो आहे. महासीर तयार करू आणि सोडू, हा विचार त्या काळी कोणाला चुकीचा वाटला असता? मला तरी वाटला नव्हता. लोणावळ्याच्या हौदातील ती बोटुकली पाहून मी भारावून परतलो होतो.

गालिबोरेच्या छावणीत धरलेल्या माशांची नोंद ठेवली जात असे. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती, रंग कोणता. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेवीस हजारांहून अधिक तासांची गळटाकी आणि सहा हजारांहून अधिक धरून सोडलेले मासे, एवढी ती सामग्री होती. वरवर पाहता चित्र आनंदाचे दिसले. दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. पण माशाचे सरासरी वजन उतरत होते. आणि रंगाचा रकाना उलगडला तेव्हा कळले की वाढत होते ते निळ्या पराचे मासे; सोनेरी कुबडाचे मोठे मासे तेवढे तुरळक उरले होते आणि त्यांची नवी पिढी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. बाहेरून आणून सोडलेला मासा फोफावला. ज्याच्यासाठी नदी राखली तो मूळचा मासा संपत आला. वाळूउपसा, धरणे, सुरुंग हीही कारणे आहेत, सारा दोष बोटुकल्यांच्या माथी मारता येत नाही. परंतु दोन महासीर वेगळे आहेत हे ध्यानी न घेता एकाच्या घरात दुसरा सोडला गेला, हे नाकारता येत नाही.

याहून मोठी खंत अशी की या सोनेरी माशाला तेव्हा स्वतःचे नावही नव्हते. बराच काळ त्याला ‘मुसुल्ला’ म्हणत. ते नाव साइक्सनेच शिरूरजवळच्या घोड नदीतील एका निराळ्या माशाला दिलेले होते! केरळातील पांबार नदीतून २००७ साली ‘टॉर रेमादेवी’ म्हणून वर्णिलेली जाती आणि कावेरीतील कुबडवाला राक्षस हे एकच, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त गणला गेला. आणि त्याच फेरीत मुळामुठेचा खुद्री संकटग्रस्तांतून बाहेर काढून ‘चिंता नसलेल्या’ जातींत घातला गेला. एका माशाला नाव मिळाले ते मृत्युशय्येवर.

दरम्यान २०१२ च्या सुमारास अभयारण्यातील गळटाकी बंद झाली. वन्यजीव कायद्याच्या अर्थानुसार गळ टाकणे ही शिकारच ठरते, असा तो निर्णय होता. कायद्याच्या अक्षराला धरून तो असेलही. पण त्याबरोबर छावण्यांचे राखणदार गेले आणि चौदापंधरा वर्षांच्या नोंदींचा धागा तुटला. ज्या वहीने रोग दाखविला ती वही मिटली गेली.

गळ आणि कायदा या दोहोंच्या आधी आपल्याकडे एक तिसरा मार्ग होता. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचा हा डोह. त्यातील महासीर देवीचे. त्यांना खाऊ घालावयाचे, धरावयाचे नाहीत. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या मंदिरापाशीही असाच राखीव डोह आहे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेत आहे, शिशिलला कपिलेत आहे. या डोहांचे मोल मी गळकऱ्यांच्या छावणीपेक्षा कमी मानीत नाही. माशाला जेथे अंडी घालता येतील अशी जागाच त्यांनी राखून ठेवली. पण देवाचा डोह वरच्या अंगाला सोडलेले विष अडवू शकत नाही: शिशिलचे मासे १९९६ साली विषप्रयोगाने मेले. डोह देवाचा असतो. नदी साऱ्या गावांची असते.

मित्रहो, आता आपल्या शहराकडे येऊ. येथे महासीराची गोष्ट दूरची वाटेल. आमच्या तळ्यांत आहे ती मरळ, तेलुगूत कोरमीनु. तेलंगणाने तिलाच राज्यमत्स्याचा मान दिला आहे. मृग नक्षत्र लागले की नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या औषधासह जिवंत मरळीचे पिल्लू गिळण्यासाठी देशभरातून माणसे येतात, हे आपण पाहतच आलो. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे एखादे मिनिट पाण्याबाहेर राहून ती माझ्या रोहूसारखी मरणार नाही. मग मरळ धरून सोडली तर बिघडले काय? बिघडते असे. मरळीचे नर-मादी आपल्या पिल्लांची राखण करतात. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की त्याखाली मोठी मरळ आहे हे गळकऱ्याला कळते, आणि बेडकाच्या आमिषावर ती रागाने झेप घेते. ती आपण धरतो, मोजतो, छायाचित्र काढतो आणि पंचवीस पावले पलीकडे सोडतो. मरळ जगते. तेवढ्या वेळात दुसऱ्या माशांनी पिल्लांचा फडशा पाडलेला असतो. धरलेला मासा सोडला. न धरलेले शेकडो गेले. पिल्लांच्या थव्यावर गळ टाकू नये, हा नियम मरळीच्या बाबतीत ओल्या हातांपेक्षा महत्त्वाचा आहे.

आणि माझी ती रोहू? ती मुळी या मुलखाची नव्हेच. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडील नद्यांचे मासे. आमच्या तळ्यांत ते माणसाने आणून सोडले. २०१६ पासून तेलंगणात तळ्यातळ्यांतून मोफत मत्स्यबीज सोडण्याची योजना आली, त्यातही हेच मासे प्रामुख्याने होते. कोळी बांधवांच्या पोटाचा तो प्रश्न आहे आणि बांधलेल्या तळ्यात त्याला माझा विरोध नाही. पण तळे भरले की सांडव्यातून मासा ओढ्यात जातो, ओढ्यातून मांजरेत किंवा मुसीत. मांजरा बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूर-बीदर ओलांडून आपल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत येते आणि पुढे गोदावरीस मिळते. एका टोकाला सोडलेले पिल्लू दुसऱ्या राज्यात मोठे होते.

या नद्यांत मूळचे कोण होते, हे सांगणारी सामग्री आपल्यापाशी अगदीच नाही असे नाही. १९४० च्या दशकात रहिमुल्ला आणि महमूद यांनी हैदराबाद संस्थानातील माशांची जिल्हावार पाहणी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. तिच्याशी ताडून पाहण्याजोगी आजची नोंद मात्र आपण ठेवलेली नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण रविवारी गळ घेऊन बाहेर पडतात, हे मला ठाऊक आहे; नाव घेऊन त्यांची पंचाईत करीत नाही. त्यांनी एक साधी वही ठेवावी आणि वर्षाअखेर तिची प्रत शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत द्यावी, एवढी विनंती आहे. तारीख, ठिकाण, किती तास बसलो, कोणता मासा, किती लांबीचा, रंग कसा, सोडताना स्थिती कशी. जात ओळखता आली नाही तर तसे लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये, मुसुल्लाची गोष्ट आपण ऐकलीच आहे. आणि ज्या दिवशी दिवसभर बसून काहीच लागले नाही, तो दिवस वगळू नये. गळकऱ्याला ती नोंद करावयास लाज वाटते. पण कावेरीवरचा हिशेब जमला तो माशांमागे तास लिहिलेले होते म्हणून. रिकाम्या दिवसांचे तास गाळले, तर उरलेल्या आकड्यांवरून नदीत मासे वाढले की घटले, हे कोणालाही काढता येणार नाही.